मानस

शिरोड्यात मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधात बसवलेलं लाकडी दार ते:
भरती आली की खाडीच्याच रेट्यानं मिटतं,
ओहोटीला शेतातलं पाणी आपसूक सोडून देतं.
हे मला शाणू गावडेनं सांगितलं
जुलैतल्या एका मंगळवारी, पंचायतीच्या हॉलमध्ये,
जिथे मी पीकविमा शिकवायला गेले होते
आणि प्रोजेक्टर काही केल्या सुरू होत नव्हता.

बावीस बाया, चार पुरुष, दारात एक ओलं कुत्रं.
फळ्यावर मी लिहिलं: जोखीम.
मागून कुणी म्हणालं,
"धोको म्हण गो बाय, जोखीम सोनाराकडे असते."
हसल्या सगळ्या. मीही.

मग विचारलं, धोका येतो तेव्हा तुम्ही काय करता?
शाणू उभी राहिली, शाळेतल्यासारखी हात बांधून.
"येतो तेव्हा काय करणार? आधीच करायचं.
सखल जागी कोरगुट, त्याला खारं सोसतं.
वरच्या अंगाला जया.
कुर्ल्या बांध पोखरतात, ती बिळं बुजवत राहायची.
आणि बांध फुटल्याची हाळी आली
की घरटी एक माणूस, मध्यरात्र असली तरी.
मामंजी एकदा भरल्या पानावरून उठले होते,
हुमण तसंच राहिलं."
जरा थांबून म्हणाली,
"हप्ता चिखलात भरायचो आम्ही. पावती कसली?"

मी फळा पुसला. लिहिलं: हाळी.
म्हटलं, विमा म्हणजे लांबच्या लोकांना घातलेली हाळी,
ज्यांनी तुमचा बांध पाहिलेला नाही,
म्हणून त्यांना कागद लागतो.
नुकसान झालं तर बहात्तर तासांत कळवायचं.
बँकेचं पुस्तक. आधार.
आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर कूळ म्हणून नाव.

इथे हॉल गप्प झाला.
सव्वीसातली आठ नावं उताऱ्यावर होती.
बाकीच्या कसतात, लावतात, कापतात,
कागदावर कुठेच नाहीत.
शाणूचं होतं, सात वर्षं मामलेदाराकडे खेटे घालून चढवलेलं.
"आणि ह्यांचं?" तिनं विचारलं.
माझ्या पुस्तिकेत अठ्ठेचाळीस पानं होती.
त्यांतलं एकही मी उघडलं नाही.

भाद्रपदातल्या अमावास्येला,
भात पोटरीवर असताना, पहाटे फोन.
"खारं आत आलंय. गुडघाभर."
बांध फुटला?
"बांध शाबूत आहे. दार उघडं होतं.
मासळीवाल्यानं रात्री फळी घालून अडकवून ठेवलं,
जाळ्यात सुंगटं यावीत म्हणून."
कधी कळलं?
"रात्री एकला. आधी दार मिटवलं, मग तुला फोन."

सातला मी बांधावर पोचले.
अठराजणीही होत्या, नाव नसलेल्या, पदर खोचलेल्या,
वरच्या तुकड्यांकडचे पाट माती घालून बंद करत.
फॉर्म काढला, पाऊस नव्हता तरी छत्रीखाली धरला.
नुकसानीचं कारण: पूर, दरड, वीज, कीड.
अडकवलेल्या दाराला रकाना नव्हता.

पेन माझ्या हातात. पूर लिहिलं असतं
तर कदाचित पुढे सरकलं असतं.
शाणूनं बोट पुराच्या रकान्यावर ठेवलं, मग उचललं.
"नको. पूर लिहिलास तर तो फळीवाला सुटला.
पाणी आलं तेवढं लिही.
कुणी आणलं ते मी ग्रामसभेत सांगते,
तिथे मला फॉर्म लागत नाही."

मी लिहिलं: खारं पाणी, गुडघाभर, रात्री एकपासून.
सही केली तिनं, सावकाश, काना-मात्रा बघत.
मग फॉर्म उलटा करून पाहिला.
"ही मागची बाजू कोरीच जाणार?
मग दार काढ इथे.
त्या साहेबांनी पाहिलं नसेल कधी."

मला चित्रं येत नाहीत.
बांधाच्या दगडावर कागद ठेवून मी चौकट काढली,
दोन झडपा काढल्या,
मधोमध आडवी एक फळी.
ती वाकून बघत होती, म्हणाली,
"फळी आणखी जाड होती."