चार नंबरची खोली

परभणी. मे महिना. जिंतूर रोडवरचं डायलिसिस सेंटर.
गच्चीवर डक्ट कूलर, बसवणारा कोण ते विचारू नका,
तो आता पुण्यात असतो.

पहिल्या खोलीत कॅलेंडर भिंतीवर आपटत राहतं,
दुसरीत चादरी पुरत नाहीत,
तिसरीत बरं आहे,
आणि चौथीत, जिथं डक्ट संपतो,
जाळीला तळहात लावून उभा राहिलो
तर कुणी झोपेत श्वास सोडावा
तेवढीच हवा.

सिस्टर कौतिक लोखंडे म्हणाल्या,
"खय्युमभाई, चार तास माणूस खाटेवरून हलू शकत नाही.
घामानं हातावरची चिकटपट्टी सुटते.
चार नंबरला जायला कुणी तयार होत नाही,
मग जो भांडत नाही तो जातो."

जो भांडत नाही तो त्या दिवशी होता
निवृत्ती घनवट, पूर्णेचा, रेल्वे कँटीनात आचारी.
तीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस
मला म्हणाला, "मला काही गरम होत न्हाई, तुमी सावकाश करा,"
आणि टॉवेलनं मान पुसली.

शिडी लावली. छताचा चौकोन सरकवून डोकं आत घातलं.
बॅटरीच्या उजेडात
सांध्यासांध्यावर धुळीच्या काळ्या मिशा.
जिथं हवा गळते तिथं ती खूण ठेवून जाते.
पुढं काटकोनात वळण,
वळणाशी उंदराचं जुनं घरटं, कापसाचं, पट्टीच्याच कापसाचं.

खालून निवृत्तीनं विचारलं, "काय दिसतंय?"
"टेल," म्हटलं.
"म्हंजे जायकवाडीच्या कालव्यावानी?"
"तसंच. वरच्यांनी उपसलं की संपलं."
"वरच्यांचा बी दोष न्हाई," तो म्हणाला. "तहान दारातच लागती."

सांधे टेपनं बांधले.
एक नंबरची झडप दोन बोटं आवळली,
तिथलं कॅलेंडर गप्प झालं, तिथला पेशंट बोलू लागला.
मग वळणाच्या पुढं आठ इंची बूस्टर पंखा,
खाली रबराच्या चकत्या.
जाळीच्या अगदी तोंडाशी बसवला असता तर काम सोपं होतं,
पण चार तास कानाशी घूंऽऽ,
आणि ज्याला उठून जाता येत नाही त्याचा कान.
वायर कूलरच्याच बटणावर घेतली,
एक जागा झाला की दुसराही जागा.

जाळीला पट्टीची एक चिंधी बांधली. बटण दाबलं.
चिंधी उठली, थरथरली,
पुन्हा लोंबली.

मी पंख्याला शिवी दिली. पंखा बरोबर होता.
मग खिडकीकडं बघितलं:
पुठ्ठा, त्यावर टेप, त्यावर सलाईनच्या खोक्याचा आणखी पुठ्ठा.
"गारवा बाहेर जाईल म्हणून," सिस्टर म्हणाल्या.
"सिस्टर, भरलेल्या घागरीत कसं ओतू?"
"आन् ही बाहेरची झळ?"
वीतभर पुठ्ठा फाडला.
झळ आत यायला बघत होती,
आतली हवा बाहेर पडायला निघाली होती,
दोघींची फटीत गाठ पडली.

चिंधी आडवी झाली. आडवीच राहिली.

निवृत्ती बराच वेळ तिच्याकडं बघत होता.
"वरचा तो, पाणी किती पितो हो?"
"दुपारभरात दोनशे लिटर. टँकरचं."
"मला डॉक्टरनं अर्धा सांगितलाय. दिवसाला."
मला काय बोलावं कळेना, मी हत्यारं पिशवीत भरली.
"पिऊ द्या," तो म्हणाला, डोळे मिटून,
"कुनीतरी प्यायला पायजे."

बिलात लिहिलं: पंखा एक, टेप तीन रोल, रबर, मजुरी.
पुठ्ठा फाडल्याचं काय लावायचं?

संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला.
मला वाटलं पंखा बंद पडला.
म्हणाल्या, "खय्युमभाई,
चार नंबरनं चादर मागितली."