लाल शाईचा रकाना

मंगळवारी संध्याकाळी, एरंडवण्यात,
एका पतपेढीच्या वरच्या मजल्यावर
आम्ही सहा जण प्राचीन मिसर शिकतो.
दोन दंतवैद्य, एक निवृत्त स्टेशनमास्तर आणि त्यांची बायको,
एक मुलगी, जिला काय हवंय ते तिलाही माहीत नाही,
आणि मी. चिंचवडच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मस्टर लिहिलेला माणूस.

पिरॅमिड पहिल्याच दिवशी उरकले.
ममी, मांजरं, तराजूत काळीज नि समोर पीस,
हे सगळं दंतवैद्यांनी आधीच वाचलेलं.
मी खिडकीतून कर्वे रस्त्याचा सिग्नल मोजत होतो:
नव्वद लाल, पंचवीस हिरवा.
सवय जात नाही.

मग बिवलकर बाईंनी एका दगडाचा फोटो वाटला.
चुनखडीचा कपचा, दोन्ही बाजूंनी लिहिलेला,
राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या गावातला.
म्हणाल्या, भिंतीवरची चित्रं ही बाळबोध समजा,
आणि ही त्यांची मोडी. पळती. कारकुनी.
उजवीकडून वाचा.

उजव्या कडेला नावं. चाळीस.
नावांपुढे तारखा, काळ्या शाईत,
आणि तारखांच्या डोक्यावर, लाल शाईत, बारीक काहीतरी.
लिपी येत नव्हती. रकाने येत होते.
"दांड्या," मी म्हणालो.
वर्गात पहिल्यांदाच बोललो.

सेबा: विंचू चावला.
पेन्नुब: आई आजारी.
कुणाचे डोळे आलेले, कुणाचा देवाला नैवेद्य,
कुणाला घरी दारू गाळायची होती.
(बिअर, बाईंनी दुरुस्त केलं.)
आमच्याकडे हा 'ताप' म्हणून आला असता,
डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.
एकाची बायको बाजूला बसलेली.
दोन्ही दंतवैद्य खाली बघू लागले.
आमच्यात बाई बाजूला बसायची;
त्यांच्यात पुरुषही कामावर जायचा नाही,
आणि कारकून ते लिहायचा, न खाकरता.

एक नाव मला उच्चारता आलं नाही.
त्याच्यावर लाल शाईत:
आईचं प्रेत गुंडाळत होता.

लहानू तिकोणे, टोकन चारशे सतरा, प्रेस शॉप.
शहाऐंशीच्या श्रावणात तीन दिवस नव्हता.
चौथ्या दिवशी मुंडण करून खिडकीशी आला.
डोकं मी पाहिलं होतं.
पण रकाना हरभऱ्याएवढा, त्यात एकच अक्षर मावायचं:
गै. गै. गै.
पगाराचं पाकीट त्यानं मोजलं,
पुन्हा मोजलं,
आणि काही न बोलता टोपी नीट केली.

कारखान्याच्या जागी आता बावीस मजले आहेत.
जुनी मस्टरं रद्दीत गेली, पावणेदोन टन.
पावती मीच फाडली.

आणि हा माणूस, सव्वातीन हजार वर्षांमागचा,
हातभर दगडावर चाळीस जण बसवतो,
दोनशे ऐंशी दिवस बसवतो,
वर आणखी कारणालाही जागा ठेवतो.
बाबा रे, तुला वरून विचारणा झाली नाही?
लाल शाई कुठल्या खात्यातून मिळायची?

पुढच्या मंगळवारचा गृहपाठ: आपलं नाव त्यांच्या चिन्हांत लिहा.
मी फोन करून विचारलं, 'ल' कसा काढायचा?
त्यांच्यात 'ल'ला वेगळं चिन्ह नव्हतं, बाई म्हणाल्या,
पुढे परकी नावं लिहायची वेळ आली
तेव्हा बसलेला सिंह काढू लागले.

गॅलरीतल्या फुटक्या शहाबादी फरशीचा तुकडा घेतला.
लहानूसाठी सिंह. तीनदा पुसला,
तरी मांजरासारखाच दिसतो.
तारखा काळ्या पेननं.
वर, लालनं, देवनागरीतच:
आईला पोचवायला गेला होता.

बाईंनी तुकडा उजेडात धरला.
"हे तुमचं नाव?"
नाही, म्हटलं.
माझी सही खाली आहे.