सोळा पाऊण बारा

इसाफ्योर्दुरच्या धक्क्यावरचा बार.
रात्रीचे अकरा, आणि ऊन अजून
समोरच्या डोंगराच्या पाठीवर लोळतंय.
फळ्यावर खडूनं लिहिलंय: बिअर, सोळाशे.
सोळाशे क्रोनर.
माझे ओठ हलू लागतात.

सोळा पाऊण बारा. म्हणजे बाराशे रुपये.
पाऊणकी!
आत्यानं तागडीशेजारी बसवून घोकून घेतलेली,
गुळाच्या ढेपेवरच्या माश्या वारत.
पंचेचाळीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं तिला.
आज उपयोगी पडली, तीही गुत्त्यात.
आत्या असती तर आधी पाढा तपासला असता,
मग मला.

"हलतात सगळ्यांचेच," बोगुमिला म्हणते,
नळाखाली ग्लास तिरपा धरून.
"जहाजातून उतरलेले म्हातारे भिंतीकडे बघतात,
पोरं टेबलाखाली फोन काढतात.
पण हिशेब कुणीच परक्या भाषेत करत नाही.
मीसुद्धा. बारा वर्षं झाली इथे,
आठ मासे कापण्यात, चार या नळामागे,
आकडा ऐकला की आतली पोलिश मुलगी
अजून बोटं मोडते."
तिच्या हिशेबात हा ग्लास म्हणजे
चाळीस मिनिटं उभं राहणं.
फेस सुरीनं कापून ती तो माझ्याकडे सरकवते.

खिडकीशी हाफ्लिदी. पुढ्यात कॉफी.
पिऊनच आलाय घरून, इथे बरेच जण तसेच येतात:
प्यायचं घरी, सरकारी दुकानातलं,
आणि बाहेर यायचं ते
कुणीतरी समोर असावं म्हणून.
तो काहीतरी सांगतो, बोगुमिला अर्धंमुर्धं पोचवते.
त्याच्या तरुणपणी या देशात
वोडका चालायची, बिअरला बंदी.
ट्रॉलरवरून आणायचा तो, जाळ्यांच्या ढिगाखाली.
"फुकट पडायची?" मी विचारते.
"जवळजवळ. एकदा बोटीवरचं काम गेलं.
तेवढंच."
मग बराच वेळ तो कपात चमचा फिरवतो.
साखर त्यानं घातलेलीच नाही.

मी माझं सांगत नाही.
आमच्याकडे बाटली दीडशेला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
बाईनं घेतली की वरचा आकार वेगळा:
दुकानदार सुटे मोजताना लावतो तो वेळ,
रिक्षाचा आरसा,
जिन्यात माझ्याशी बोलत
पिशवीशी बोलणारी शेजारीण.
हे कुठल्या कीनं गुणायचं
आत्यानं शिकवलं नव्हतं.
इथे नुसते पैसे लागतात.
तरीही प्रत्येक घोट मोजतेय मी,
हा साठाचा, हा मोठा, शंभराचा असेल,
आणि तळाशी उरलेला कोमट, बेचव,
तोही सोडवत नाही.

"मघाशी काय पुटपुटत होतीस?"
बोगुमिला विचारते, "प्रार्थना?"
आता कसं सांगणार.
मी म्हणून दाखवते, मोठ्यानं,
आत्याच्याच हेलात:
एक पाऊण पाऊण,
बे पाऊण दीड,
तीन पाऊण सव्वादोन...
हाफ्लिदी चमचा ठेवतो. उठून उभा राहतो.
टोपी काढतो.
त्याला वाटतं, आमच्या देशात पिण्याआधी
असंच काहीतरी म्हणत असतील.
"स्काउल," तो म्हणतो आणि कप उंचावतो,
आणि तसाच धरून ठेवतो हवेत,
कारण मी थांबलेली नाही,
चार पाऊण तीन,
आणि वीसपर्यंत जायचंय अजून.