वाटा

कार्डावर आठ पॉइंट चार लिहिलंय.
सिस्टर म्हणाल्या, रक्त कमी आहे तुझं. काय खातेस?
मी म्हटलं, सगळं.

सगळं म्हणजे
पातेल्याच्या तळाला उरतं ते सगळं.
उकड्या तांदळाची पेज, मिठाचा खडा,
दुपारी कढीतलं बांगड्याचं शेपूट.
डोकं मामंजींना लागतं,
मधली तुकडी होडीवर जाणाऱ्याला.
खोटं नव्हते बोलले मी.

उपकेंद्राच्या भिंतीवर एक बाई आहे चित्रातली,
पुढ्यात दुधाचा पेला, फोडलेलं डाळिंब, सफरचंदं.
बघत राहिले तिच्याकडे.
आमच्या तोंडवळीत सफरचंद
फक्त तापात येतं.

घरी सासूबाईंची वेगळी यादी.
पपई नको, अननस नको.
'तिसऱ्यो तर हातात घेव नको, गरम पडतत त्यो.
माका पाच झाली, गोळी कशी ती खावक नाय.'
पाच झाली.
आहेत तीन.

गोळी मी रात्री घेते, सगळे निजल्यावर.
सकाळपर्यंत जिभेवर
गंजल्या नांगराची चव.

आणि ओहोटी लागली की कालावलच्या खाडीत.
सातवा लागल्यापासून ओणवं होता येत नाही,
पाण्यातच फतकल घालते,
पोट पाण्यावर ठेवते, ते हलकं होतं,
बोटांनी चिखल चाचपते. तिसरी. तिसरी. दगड. तिसरी.

मागच्या तपासणीला पाटी बाहेर ठेवून आत गेले होते.
सिस्टरांनी फडकं उचललं नि कपाळाला हात लावला.
'अगो निर्मला, मी तुला जे खायला सांगते
ते तू डोक्यावर वाहतेस.'

गुरुवारी आचऱ्याच्या बाजारात
अकरा वाटे मांडले केळीच्या पानावर.
गिऱ्हाईक वाटा घेतं, वर चार मागतं,
मीही घालते, सवय आहे.
अकरावा पानासकट मागे ओढला.
'तो केवढ्याला?' गोल चष्म्यातल्या बाईने विचारलं.
म्हटलं, 'तो गेला.'

संध्याकाळी चूल एकटीची होती.
ओलं खोबरं, दोन मिरच्या, वर सोलं.
कुणाची पानं घ्यायच्या आधी बसले,
पहिल्यांदाच, पाट मांडून,
आणि शिंपल्या ताटात अशा वाजायला लागल्या
की चोरी लपेना.

सासूबाई उंबऱ्यात.
किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.
ताटाकडे बघत म्हणाल्या,
'सोलां घातलंस मा?'
घातली.
'मगे बाधूचा नाय.'

मग भिंतीला हात लावत खाली बसल्या,
मी टाकलेली एक शिंपली उचलली,
आत राहिलेला रस चोखला.

'चवथ्याच्या वेळेक,' म्हणाल्या,
'माका ह्योच खावश्यो वाटत होत्यो.'

चौथा कोण, मी विचारलं नाही.
भरलेल्या चार त्यांच्यापुढे सरकवल्या.