फलकासाठी वीस शब्द

कौन्सिलच्या बाईंचा फोन आला:
कार पार्कच्या कोपऱ्यात पितळी फलक बसवतोय,
तुम्ही त्या हॉलच्या दारात एकोणीस वर्षं तिकिटं फाडलीत,
तर मजकूर तुम्हीच द्या.
चाळीस शब्द. इंग्रजी आणि वेल्श मिळून.
म्हणजे वीसच.

सुरुवात दगडापासून करावी की पेनीपासून?
पौंडामागे एक पेनी, दर शनिवारी,
खाणीच्या पगारखिडकीवरच कापून घ्यायचे.
माझे आजोबा एमरिस सांगायचे,
उत्तरेकडची तिसरी खिडकी माझ्या पैशांची.
गेलं की आधी तिच्यापाशी जायचे,
खालची पट्टी बाहीने पुसायचे,
आणि मग टोपी काढायचे.

वर वाचनालय. ग्रंथपाल इडवल प्रॉथरो,
चॅपेलचा माणूस, शब्दाला पक्का.
रोज सकाळी दार उघडण्याआधी
शर्यतीच्या रकान्यावर काळी शाई फिरवायचा.
जुगाराला इथे थारा नाही.
रात्रपाळीची माणसं यायची, पापण्यांत कोळशाचं काजळ,
ओलं पान उचलून काचेशी धरायची.
उन्हात शाईखालून घोड्यांची नावं वर यायची.
इडवलला ठाऊक होतं.
त्याने त्या खिडक्यांना पडदे कधी लावले नाहीत.

सव्वीसच्या संपात तळघरात सूप शिजलं.
मग सिनेमा; तिथे मी. मग बिंगो.
मग कार्डिफच्या एका गालिचेवाल्याचं गोदाम.
तोवर खाण मिटली होती,
पेनी द्यायला पौंडच कुणाकडे नव्हता.
छप्पर गळायला लागलं तेव्हा आधी बादली ठेवली,
मग न्हाणीचा टब,
मग कुलूप.

पाडायला तीन आठवडे धरले होते. नऊ दिवस पुरले.
यंत्रावरचा पोरगा टेगवेनचा नातू निघाला.
पहिल्याच संध्याकाळी हेल्मेट काखेत धरून दारात उभा:
मॉरविद मावशी, आतलं काही हवंय?
म्हटलं, उत्तरेकडची तिसरी.

चौकट आणली त्याने, टॉवेलात गुंडाळून, लेकरासारखी.
काच केव्हाच गेलेली.
स्वयंपाकघरात टेकवून ठेवली, चहा केला,
आणि मग चश्मा लावून खालची पट्टी पाहिली.
अंगठे. काळे, एकावर एक,
ओल्या शाईचे, लाकडात मुरलेले.
एक ठसा अर्धवट पुसलेला,
पुन्हा पुन्हा, त्याच जागी.

आजोबा शपथेवर सांगायचे,
आयुष्यात घोड्यावर दमडी लावली नाही.
आजीने ते मरेपर्यंत खरं मानलं,
निदान तसं म्हणाली.

मजकूर पाठवला. साल, दगड, पेनी, सूप,
सगळं आलं. पण मोजले तर एकोणीसच.
बाई म्हणाल्या, अजून एक शब्द बसतो,
काय घालू?

मी विचारलं,
घोड्याचं नाव चालेल का?