अकरा मिनिटं

तहहयात नेमणुकीची तार आली तेव्हा
हायरम स्टोक्सबरी दाढी करत होते.
अर्धा गाल साबणाचा, अर्धा न्यायाधीशाचा,
हे ते स्वतःच सांगत, दर नाताळात,
आणि आम्ही कोर्टाची माणसं दर नाताळात हसत असू.

त्याआधी वीस वर्षं रेल्वे कंपनीची वकिली.
पहिल्याच आठवड्यात कंपनीचा फुकट पास
त्यांनी टपालानं परत धाडला, पोच मागवली,
आणि बिस्मार्कला जाताना रांगेत उभं राहून तिकीट काढलं.
गाव म्हणालं, नव्याचे नऊ दिवस.
त्या नऊ दिवसांची पंधरा वर्षं झाली.

मी लघुलेखिका. बोललेलं सगळं वहीत उतरवायचं,
खोकला सोडून.
एका स्वल्पविरामापाशी
मी त्यांना तीन दिवस अडलेलं पाहिलंय:
करारातलं पाणी धरणवाल्यांचं,
की खालच्या अंगाला राहणाऱ्या लकोटांचं?
स्वल्पविराम लकोटांच्या बाजूनं पडला.
त्या रात्री जज्जसाहेबांच्या घराची दोन तावदानं फुटली.
सकाळी पुठ्ठे ठोकून ते वेळेवर आले,
बोटाला चिंधी.

मग अठरा साल.
गॉटलीप वीबे, लोहार.
नाल ठोकता ठोकता म्हणाला,
हे युद्ध पैसेवाल्यांचं आहे.
घोड्याचा मालक साक्षीला आला;
घोडा तेवढा गप्प राहिला.
बाहेर बँड, आत उभं राहायला जागा नाही.
वीबेनं गुन्हा कबूल केला,
इंग्रजी त्याला बाजारापुरतं येत होतं.
पाच वर्षं, लेव्हनवर्थ.
सगळं मिळून अकरा मिनिटं.
बँड पुन्हा सुरू झाला.

निवृत्तीच्या वर्षी, ऑक्टोबरात,
ते दप्तरखोलीत आले. 'ती वही काढा, मिस टोरगर्सन.'
माझ्या रेघोट्या त्यांना कुठून वाचता येणार?
मीच वाचून दाखवलं. चार मिनिटांत संपलं.
'मी त्याला काहीच विचारलं नाही?
कळतंय का, एवढंसुद्धा?'
'वहीत नाही, साहेब.'
त्यांनी टोपी उचलली, परत ठेवली,
मग उचलली.

मृत्युलेखात पास होता, पाणी होतं,
साबणाचा गालसुद्धा होता.

खोकला मी लिहीत नाही, तसा नियमच आहे.
वीबे त्या दिवशी दोनदा खोकला होता,
बोलायला तोंड उघडण्याआधी
माणूस खोकतो, तसा.