साल

हुबळीहून फोन आला, दूध तापवायची वेळ.
"साल यावाग तीरस्तीरि, अक्का?"
मी म्हटलं, एकोणीस तारखेला संपतंय की,
भटजींना सांगून ठेवलंय.
पोरगं गप्प. मग खाकरून, मराठीत,
"कर्ज म्हणूलोय मी. कार्डाचं. सांबरेकर सरांचं."

चाळीस वर्षं अनगोळात राहते,
भाजीवालीशी कन्नडातच भांडते,
साल म्हणजे कर्ज, हे काय मला ठाऊक नव्हतं?
पण त्या दिवशी कानात
मराठीच शिरलं.

एक लाख ब्याऐंशी हजार.
कार्ड सापडलं लेथ मशीनच्या कॅटलॉगात,
उद्यमबागेतून निवृत्त होताना
त्यांनी घरी आणलेलं एकमेव पुस्तक.

रात्री बँकेचे कागद घेऊन बसले.
पेट्रोल, शंभराचं. पेट्रोल, शंभराचं.
खानापूर रोडवरच्या दुकानातला गिझर
(मला म्हणाले होते, सोसायटीचा बोनस).
गच्चीची गळती. बोअरची मोटर.
कुंदा, अर्धा किलो. तारीख बघितली,
वाढदिवस नव्हता कुणाचाच. शुगर होती त्यांना.
आणि दर महिन्याला किमान रक्कम, वेळेवर,
समईत तेल घालावं तशी:
विझू नये, इतपतच.

काकतकर वकिलांनी उतारा चष्म्याजवळ धरला.
मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही.
त्यांनी पेन्सिल टेकवली. "हे तुमचं नाव. एकटीचं.
जागा तुमच्या पाटल्या मोडून घेतलेली ना?
मग घराला हात लावता येत नाही त्यांना.
सरांच्या मागं जे राहिलंय त्यातनं घेऊ देत.
फोनवर हो म्हणू नका. शंभर रुपये पण भरू नका."

मागं काय राहिलंय?
पासबुकात चार हजार एकशे.
सुरू न होणारी लुना.
तेल लावून फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर.
आणि कागदावर, खालून तिसरी ओळ:
श्रवणयंत्र, अठ्ठावीस हजार पाचशे.

शिबिरात फुकट मिळालं, म्हणाले होते.
स्वतःच बसवलं माझ्या कानात,
शिट्टी वाजली तेव्हा दोघंही दचकलो.
त्याआधी मला ऐकूच येत नव्हता
त्यांचा खोकला.

गिझर भिंतीत आहे, भिंत माझी.
पण हे कुणाचं, वकीलसाहेब?
विचारलं नाही. आणखी एक फी झाली असती.

आज परत हुबळी.
यंत्र काढून ओट्यावर ठेवलं.
फोन नुसता थरथरत राहिला,
सरकत सरकत पिठाच्या डब्याला जाऊन टेकला.
थांबला. पुन्हा सुरू झाला.
मग यंत्र पदराला पुसलं, कानात घातलं,
उचलला.

दुसरंच पोरगं, नवीन असावं.
"सांबरेकर सर अदारेनु?"
"इल्ल," मी म्हटलं.
त्याला पुढचं सुचेना.
त्याच्या मागं, त्या लांबच्या खोलीत,
कुणीतरी खोकलं.
अगदी स्पष्ट ऐकू आलं.